धूर गाडण्याचे नियम

तीर्थरूप मामास,

तुझ्या भाचीचा खाली वाकून नमस्कार. (पन्नाशी जवळ आली, पूर्वीइतकं वाकता येत नाही, तेव्हा नमस्कार तुझ्या गुडघ्यापर्यंत पोचला असं धरून चाल.) गुडघ्यावरून आठवलं, उजवा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला बंदी घातल्यापासून तू दिवसातून सहा वेळा गच्चीवर जातोस असं मामीने कळवलंय. तेवढं कमी कर. कानातलं यंत्र लावतोस की ते अजून डबीतच आहे? मी फोनच करणार होते, पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतोस. मागे मी बढतीची बातमी दिली तर तू घरभर बदली झाल्याचं सांगितलंस, आणि मामीने थंड प्रदेशात लागतील म्हणून लोकरीचे मोजे विणून धाडले. मोजे छान आहेत, पंख्याखाली बसून घालते. इकडे सगळे खुशाल. पत्राला तसं खास कारण नाही, बरेच दिवसांत लिहिलं नव्हतं एवढंच.

तू दर भेटीत विचारतोस की मी ऑफिसात नक्की करते काय, आणि मी दर वेळी विषय बदलते. आज सांगते. मी नियम लिहिते. लोक जे नियम मोडतात ते कुणीतरी आधी लिहावे लागतात, ते आमच्या मसुदा कक्षात लिहिले जातात. चार टेबलं, दोन कपाटं आणि एक खिडकी, जी उघडली की तिसऱ्या टेबलावरचे कागद पहिल्या टेबलावर जातात. (काही नियम असेच तयार झाले असावेत अशी मला शंका आहे.) चौदा वर्षं मी चिमणीची उंची किती असावी, भोंगा किती वेळ वाजवावा, अशा गोष्टी लिहीत सुखात होते. आठ महिन्यांपूर्वी आमच्या संचालक बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "आता धूर जमिनीत गाडायचे नियम लिहायचेत. तुमचे मामा ड्रिलिंगमध्ये होते ना? मग तुम्हाला जमेल." म्हणजे हे काम माझ्याकडे तुझ्यामुळे आलं. वकिलाच्या बायकोने खटला चालवावा असा हा हिशोब, पण बाईंपुढे कोण बोलणार.

तुला समजेल अशा भाषेत सांगते. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी भाजली की तिच्यातून कर्बवायू निघतो. कोळसा जाळा नाहीतर दुसरं काही जाळा, तो निघणारच, कारण तो दगडातच आहे. हवेत गेला तर हवा तापवतो. म्हणून तो धुराड्यातच पकडायचा, दाबून दाबून जवळजवळ पाण्यासारखा पातळ करायचा, आणि नळाने नेऊन जमिनीत खोल सोडायचा, जिथे भुसभुशीत खडक त्याला पिऊन घेईल आणि वरचा घट्ट खडक झाकणासारखा बसेल. तू आणि तुझ्यासारख्यांनी आयुष्यभर जमिनीतून तेल वर काढायचा खटाटोप केला, (सापडलं नाही तो भाग वेगळा,) आणि आता आम्ही उलट वरून खाली घालणार. हे काम महाग आहे. हौसेने कुणी करणार नाही. म्हणून सरकारने ठरवलं की जो कारखाना हे करील त्याला टनामागे प्रोत्साहन रक्कम द्यायची. आणि ती कुणाला, कशाबद्दल, कधी द्यायची हे लिहायचं काम तुझ्या भाचीकडे आलं.

पहिला मसुदा मी तीन आठवड्यांत लिहिला आणि तो मला फार आवडला. वाक्यं छोटी होती. कलम चारमध्ये लिहिलं होतं, "कर्बवायू पकडून साठवणाऱ्या प्रत्येक उद्योगास दर टनामागे प्रोत्साहन देण्यात येईल." संचालक बाई म्हणाल्या, पहिल्यांदाच आपल्या खात्याचा एखादा नियम एकदा वाचून समजला. मी घरी जाऊन नवऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवला. (तो दातांचा डॉक्टर असल्यामुळे समोरच्याने तोंड उघडलं की ऐकून घ्यायची त्याला सवय आहे.) मसुदा हरकतींसाठी लोकांपुढे ठेवला आणि नवव्या दिवशी ऑफिसात पहिला अर्जदार आला. त्याचा सोड्याचा कारखाना होता.

या गृहस्थांना आम्ही पुढे बुडबुडेसाहेब म्हणू लागलो, पण त्या दिवशी ते नुसते साहेब होते. अतिशय सभ्य माणूस, इस्त्रीचा सदरा, हातात फाइल आणि फाइलवर सोड्याची एक गार बाटली, माझ्यासाठी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेजारच्या यीस्टच्या कारखान्यात टाक्यांवर कर्बवायू साचतो, तो ते नळाने पकडतात आणि बाटल्यांमध्ये साठवतात. वर्षाला नऊशे टन. मी म्हटलं, "पण बाटलीतला वायू साठवलेला कसा?"

"बूच लावून," ते म्हणाले.

"आणि किती दिवस राहतो?"

"गिऱ्हाईक उघडेपर्यंत." मग जरा विचार करून, कारण माणूस प्रामाणिक, "उन्हाळ्यात कमी दिवस."

मी कलम चार पुन्हा वाचलं. त्यात बाटलीला कुठेही मनाई नव्हती. साठवण किती दिवसांची, कुठे, कशात, यातलं काहीच मी लिहिलेलं नव्हतं. ते गेल्यावर मी त्यांचा सोडा प्यायले आणि मला ढेकर आला, तेव्हा लक्षात आलं की सरकारने ज्याचे पैसे द्यायचे तो वायू तो हाच. दुसऱ्या दिवशी आग विझवण्याचे लाल सिलिंडर बनवणारे आले. त्यांचं म्हणणं होतं की त्यांचा वायू तर वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेला असतो, आणि देवाच्या कृपेने बहुतेकांवर तो सोडायची वेळच येत नाही.

दुसऱ्या मसुद्यात मी "जमिनीखाली" हा शब्द घातला आणि निर्धास्त झाले. दीड महिन्यात बुडबुडेसाहेब तळघराचे फोटो घेऊन हजर. नवं तळघर, तीन मजले खोल, पायऱ्यांना कठडा, बाटल्या ओळीने लावलेल्या. मला राग येईना. त्यांनी ते तळघर माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खोदलं होतं, आणि सरकारी शब्दावर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. शेवटी मी त्यांना खुर्चीवर बसवून, हा नियम कुणासाठी आहे आणि का आहे, हे पहिल्यापासून समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही नियमातच का नाही लिहिलंत?" त्यानंतर मी प्रत्येक मसुदा बाहेर पाठवायच्या आधी त्यांना वाचायला देते. ज्या वाक्यातून ते आत शिरू शकत नाहीत ते वाक्य पक्कं. आमच्या कायदा सल्लागारापेक्षा त्यांचा उपयोग जास्त झाला, आणि ते सोडाही आणतात.

पण खरा धक्का सिमेंट कारखान्याच्या मॅनेजरने दिला. हा नियम मुळात ज्याच्यासाठी, तोच हा कारखाना. तिथे दोन भट्ट्या आहेत, एक नवी आणि एक इतकी जुनी की तिच्या धुराने गावातल्या चिमण्यासुद्धा राखाडी दिसतात. जुनी यंदा बंद व्हायची होती. मॅनेजर आला आणि जरा लाजत म्हणाला की ती आता चालूच ठेवावी असं मालकांना वाटतंय. मी विचारलं, का? म्हणाला, "ती जास्त धूर सोडते ना. जास्त धूर, जास्त टन, जास्त प्रोत्साहन." मामा, काय झालं होतं बघ. हवा स्वच्छ करण्यासाठी मी असा नियम लिहिला होता की त्यामुळे धूर वाढवणं फायद्याचं झालं होतं. तो बिचारा म्हणाला, "आम्ही नाही केलं हो. तुमच्या मसुद्याचं गणित आमच्या अकाउंटंटने मांडलं, त्यात हे निघालं." त्या दिवशी मी अर्धं जेवण ताटातच टाकलं, आणि नवऱ्याने विचारलं, दाढ दुखते का.

मग तिसरा मसुदा. यात पैसे मिळणार ते नव्या भट्टीला जेवढा धूर व्हावा तेवढ्याच्या हिशोबाने. जुनी चालवली तर तिच्या जास्तीच्या धुराचे मिळणार नाहीत, उलट भरावे लागतील. शिवाय वायू किमान आठशे मीटर खोल गेला पाहिजे, आणि वर्षभराने मोजमाप करून तो तिथेच आहे असं दिसलं तरच रक्कम. बुडबुडेसाहेबांनी हा मसुदा तीन वेळा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाही, यात काही जागा नाही." मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

आता अडला तो एकच शब्द, "कायम". मी लिहिलं होतं, वायू कायम साठवला जाईल. कायदा सल्लागार म्हणाले, कायम म्हणजे किती ते लिहा, कारण आपल्या खात्यात कायम झालेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जातो. यावर दोन बैठका झाल्या. खडकांचे जे तज्ज्ञ आम्ही सल्ल्यासाठी घेतलेत, (उंच, अबोल माणूस, खिशात कायम एक दगड, ऑफिसात नाव खडकवाले,) ते म्हणाले की वायू हळूहळू पाण्यात विरघळतो, मग खडकातच मुरून दगड होतो, पण त्याला हजारो वर्षं लागतात. सल्लागार म्हणाले, शंभर लिहू. शेवटी संचालक बाईंनी पेन उचललं. "हजार लिहा. तपासायला आपल्यातलं कुणी नसेल." हजार वर्षं लिहिली गेली. त्यातली पहिली वीस कंपनीने लक्ष ठेवायचं, नंतर ती जबाबदारी सरकारकडे.

यापुढे जनसुनावणी. ती कारखान्याच्या गावातच, शाळेच्या हॉलमध्ये. मी इतक्या सुनावण्या पाहिल्यात की लोक काय बोलणार हे मला आधीच पाठ असतं, पण तिथे तिसऱ्या रांगेत एक लाँड्रीवाली बाई बसली होती. माझ्याच वयाची, दंडाने माझ्या दुप्पट. कारखान्यातले सगळे गणवेश तिच्याकडे धुवायला येतात. कारखाना बंद पडला तर चारशे लोकांचं काम जाणार आणि तिची भट्टीही थंड होणार. त्यामुळे ती विरोधात नव्हती. तिला फक्त माहिती हवी होती, आणि असा माणूस सरकारी अधिकाऱ्याला सगळ्यात अवघड जातो.

तिने विचारलं, "वीस वर्षांनी कंपनी गेली. मग कोण बघणार?"

"सरकार," मी म्हटलं.

"सरकार म्हणजे कोण?"

"म्हणजे आमचा विभाग."

"चादरीवर एक डाग राहिला तर गिऱ्हाईक माझ्या दारात येतं. मी त्याला सांगत नाही, विभाग बघेल म्हणून. मी बघते. तुमच्यात कोण बघणार, ते सांगा ना."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. खडकवाले खिशातला दगड चाचपत होते. संचालक बाईंना नेमकं तेव्हाच फाइलीत काहीतरी सापडलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बघीन."

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात माझा डोळे मिटलेला फोटो आणि वर मथळा, "हजार वर्षं मी लक्ष ठेवीन : महिला अधिकाऱ्याची ग्वाही". ऑफिसात पोचले तर टेबलावर कुणीतरी दहा वर्षांची कॅलेंडरं ठेवलेली, सोबत चिठ्ठी, बाकीची नऊशे नव्वद छापायला दिलीत. आस्थापना विभागातून फोन आला की माझ्या निवृत्तीची तारीख दुरुस्त करायची आहे का. चहावाल्याने मात्र गंभीरपणे विचारलं, "बाई, एवढं जगणार, मग बिनसाखरेचा देऊ का?" मी सगळ्यांबरोबर हसले. पण खरं सांगते, त्या बाईला उत्तर दिल्याचा मला पस्तावा नव्हता. नियमात "विभाग" लिहिलं की वाटतं कुणीतरी आहे. तिथे उभं राहिल्यावर दिसलं की "विभाग" म्हणजे चार टेबलं आणि एक खिडकी. म्हणून चौथ्या मसुद्यात मी घातलं, की प्रत्येक जागेसाठी एक निरीक्षक नावानिशी नेमायचा, त्याचं नाव गावात पाटीवर लावायचं, आणि तो निवृत्त झाला की पाटी त्याच दिवशी बदलायची. पहिल्या पाटीवर माझं नाव आहे. रंग जरा भडक आहे, पण स्पेलिंग बरोबर.

सुनावणी संपल्यावर ती बाई मला म्हणाली, "आणि ती जुनी भोकं बुजवलीत का?" मला वाटलं रस्त्यावरचे खड्डे म्हणतेय. पण ती तेलाच्या शोधासाठी चाळीसएक वर्षांपूर्वी खोदलेल्या विहिरींबद्दल बोलत होती. त्या आम्हाला माहीत होत्या. खडकाचं झाकण कितीही घट्ट असलं तरी त्याला कुणी आरपार भोक पाडलेलं असेल तर वायू तिथूनच वर येणार, म्हणून नकाशावर त्या अकराही विहिरी लाल ठिपक्यांनी दाखवल्या होत्या आणि अकराही तपासल्या होत्या, सिमेंटचं बूच पक्कं. मी अभिमानाने सांगितलं, अकरा. ती म्हणाली, "बारा."

आम्ही तिच्याबरोबर गेलो. लाँड्रीच्या मागे मोठं अंगण, ओळीने चादरी वाळत घातलेल्या, आणि दोरीचं एक टोक बांधलंय ते जमिनीतून कमरेइतक्या वर आलेल्या गंजक्या लोखंडी नळाला. ती लहान असताना तिथे मोठं यंत्र उभं होतं, म्हणाली, आणि ते गेल्यावर तिच्या आईने नळाला दोरी बांधली, ती तेव्हापासून तिथेच. खडकवाल्यांनी खिशातला दगड काढला (तो कशासाठी असतो ते त्या दिवशी कळलं) आणि नळावर ठोकला. आवाज खाली गेला, आणि जातच राहिला. ते पहिल्यांदाच न विचारता बोलले. म्हणाले, "हा बुजवलेला नाही."

मी पुढचे तीन दिवस रेकॉर्ड रूममध्ये काढले. तेल शोधणारी ती कंपनी केव्हाच गुंडाळली गेली, तिच्या नोंदवह्या आमच्याकडे खोक्यांत येऊन पडल्यात. धूळ इतकी की मी दिवसभर शिंकत होते आणि रेकॉर्डकीपर दर शिंकेला "आयुष्य वाढो" म्हणत होता, पेपर त्यानेही वाचला होता. तिसऱ्या दिवशी बारावी विहीर सापडली. खोली नऊशे साठ मीटर, तेल नाही, शेवटचा शेरा एकच शब्द, "बुजवली". खाली अस्पष्ट सही. मग ती नकाशावर का आली नाही, तर नकाशा सिमेंटच्या बिलांवरून बनवला होता, आणि या विहिरीचं सिमेंटचं बिलच नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच रंगात आला. म्हणाला, दात वरवर भरलेला दिसतो, पण आत काय भरलंय आणि कडा धरल्यात की नाही यावर सगळं आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरने भरलेला दात उकरताना सगळ्यात आधी त्याला फोन करून विचारावं, बाबा रे, काय भरलं होतंस? खडकवाल्यांचं मतही शब्दशः तेच निघालं. वजन बांधून दोरी आत सोडली तर नळाच्या वरच्या भागात काहीतरी अडकवलेलं लागलं. दगड असेल तर एक अवजार, लाकूड असेल तर दुसरं, लोखंड असेल तर तिसरंच. काय आहे ते कळलं तर पंधरा दिवसांत साफ करून सिमेंट भरता येईल. नाही कळलं आणि चुकीचं अवजार आत अडकलं, तर ही जागाच रद्द, आणि जागा रद्द म्हणजे कारखाना बंद.

म्हणून पाचव्या आणि शेवटच्या मसुद्यात एक नवं कलम आलं. जुन्या विहिरींची माहिती जो स्वतःहून देईल त्याच्यावर कोणतीही कारवाई नाही, नोंद चुकीची केली असली तरी नाही, उलट त्याला प्रवासखर्च आणि मानधन. सल्लागार म्हणाले, चूक करणाऱ्याला बक्षीस? मी म्हटलं, धूर करणाऱ्याला देतोच आहोत, त्याने तो परत आत घातला म्हणून. हेही तेच. बुडबुडेसाहेबांनी मान डोलावली, बाईंनी सही केली, आणि मामा, त्यानंतर आमच्या कक्षात जी गर्दी झाली ती बघायला हवी होती. सत्तर-पंच्याहत्तरचे ड्रिलर, काठ्या टेकत, मुद्दाम इकडच्या तिकडच्या गप्पा मारत. आजवर चौदा जण आले. प्रत्येकजण म्हणतो, माझ्या एका मित्राची विहीर आहे. मग मित्राने आत काय टाकलं ते इतकं बारकाईने सांगतो की मित्राच्या खिशात तो स्वतः असावा. एकाच्या मित्राने विहिरीत अख्खी हातगाडी टाकली होती. सगळे जाताना हलके होऊन जातात, आणि जिना उतरताना मोठ्याने हसतात. माहिती मिळालेल्या चौदा जागांपैकी एकही लाँड्रीच्या मागची नाही. नियम मात्र आता लागू झालेत, राजपत्रात छापून आलेत, आणि मी छापील प्रत उशाशी घेऊन झोपते.

असो. पत्र फार लांबलं. मामीला नमस्कार सांग, मोज्यांबद्दल पुन्हा आभार. गुडघ्याला तेल लावत जा. कानातलं यंत्र डबीतून काढ.

तुझी लाडकी भाची

ता. क. : नोंदवहीतली सही अस्पष्ट आहे असं मी वर लिहिलं. ऑफिसातही तेच सांगितलं, एक दिवस. सही अस्पष्टच आहे, पण त्याच पानावरच्या "विहीर" शब्दातला तुझा ह मला ओळखू येतो. मला अक्षरं गिरवायला तूच शिकवलीस, माझाही ह तसाच येतो, पोटाला गाठ मारलेला. दुसऱ्या दिवशी मी संचालक बाईंना सांगून टाकलं की तो माणूस माझा मामा आहे, आणि तुझा अर्ज माझ्या टेबलावर येऊ नये. त्या म्हणाल्या, "बरं. पण पत्र तुम्हीच लिहा, माझं ते ऐकणार नाहीत." स्वतःहून माहिती द्यायची मुदत या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची आहे. तू आला नाहीस तर नाव मला फाइलीवर लेखी द्यावं लागेल, आणि मी देईन, कारण मी त्या बाईला शब्द दिलाय. पण मला ते तुझ्याकडून यायला हवंय.

ता. क. २ : शेऱ्याखालची तारीख बघून मी आईला फोन केला. ती म्हणाली, त्याच आठवड्यात माझं अपेंडिक्स फुटलं होतं. मी सात वर्षांची. मला इतकंच आठवतं की दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा तू खुर्चीत बसला होतास, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, आणि नर्स तुला बाहेर काढत होती आणि तू ऐकत नव्हतास. सिमेंटचा ट्रक कधी यायचा होता तेही वहीत आहे. गुरुवारी. तू मंगळवारी निघालास. चाळीस वर्षं तू ही गोष्ट घरात कधी काढली नाहीस. मी इतके दिवस समजत होते की तुला सांगण्यासारखं काही नसेल.

ता. क. ३ : अर्ज सोबत जोडला आहे. सोपा आहे, बुडबुडेसाहेबांनी वाचून बघितलाय. पाचव्या रकान्यात आत काय टाकलं ते स्पष्ट लिही, दगड, लाकूड, जे असेल ते, "मित्राने" असं लिहू नकोस. सहावा रकाना "काम अपुरं राहण्याचं कारण" असा आहे. तिथे नुसतं "वैयक्तिक" लिहिलं तरी नियमाने चालतं, ते वाक्य मीच घातलंय. पण तू तिथे माझं नाव लिही. जागा कमी पडली तर मागच्या पानावर लिही.